पडद्यावरचा छळ पाहवत नाही, हा माझा दुबळेपणा आहे का?

ठाणे जिल्ह्यात राहणाऱ्या आणि माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या 46 वर्षांच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या घरी रात्री जेवताना गुन्हेगारीवरच्या वेब मालिका पाहण्याचा प्रघात आहे. पती आणि 17 वर्षांची मुलगी त्यात रंगून जातात. या मात्र छळाचे दृश्य सुरू झाले की उठून स्वयंपाकघरात जातात. ‘गोळीबारात दहा-वीस माणसे पडली तरी माझे जेवण थांबत नाही. पण कोणी एखाद्या म्हाताऱ्याला खुर्चीला बांधून त्याच्या तोंडावर थुंकले, किंवा मुक्या जनावराला मारले, तर मला ते पाहवत नाही आणि पुढे दोन-तीन रात्री तेच डोळ्यांसमोर येत राहते,’ असे त्या लिहितात. पती म्हणतात, ‘मन घट्ट कर, पाहून पाहून सवय होईल.’ मुलगी म्हणते, ‘आई, ते सगळं खोटं असतं गं.’ मध्यंतरी जातीय अत्याचारावरचा एक चित्रपट त्या अर्ध्यावर सोडून बाहेर आल्या. तेव्हापासून आपण सत्याकडे पाठ फिरवली, अशी टोचणी त्यांना लागली आहे. मुलगी अशी दृश्ये पाहता पाहता शांतपणे जेवू शकते, याचीही त्यांना धास्ती वाटते. पत्राच्या अखेरीस एक ओझरता उल्लेख आहे: तीन वर्षांपूर्वी त्यांचे वडील अतिदक्षता विभागात होते, तेव्हा त्यांनी नळ्या ओढून काढू नयेत म्हणून त्यांचे हात पलंगाला बांधून ठेवलेले होते. हा आपला दुबळेपणा आहे का, सवय करून घ्यावी का आणि मुलीच्या बाबतीत काय करावे, असे त्यांचे प्रश्न आहेत.

उत्तर

आपल्याला हिंसा सहन होत नाही, असे तुम्ही पत्रात पुन्हा पुन्हा म्हटले आहे. पण तुमचेच पत्र त्याला दुजोरा देत नाही. गोळीबार तुम्हाला सहन होतो, युद्धाची दृश्येही होतात. जे सहन होत नाही त्याची यादी तुम्ही स्वतःच दिली आहे आणि ती नीट वाचली तर तिच्यात एक सूत्र दिसते. बांधलेला म्हातारा, मार खाणारे जनावर, कोपऱ्यात अडवलेले मूल, अर्ध्यावर सोडलेल्या चित्रपटातला तो तरुण, या सर्वांना प्रतिकार करता येत नाही, पळता येत नाही आणि त्यांनी कितीही विनवणी केली तरी समोरच्यावर तिचा परिणाम होत नाही, उलट ती ऐकून त्याला अधिक चेव येतो. गोळीबारात दोन्ही बाजूंच्या हातांत शस्त्रे असतात, सगळे वेगाने घडते आणि पडणाऱ्याचा चेहराही आपल्याला धड दिसत नाही. छळाच्या दृश्यात मात्र एकाकडे भरपूर सवड असते आणि दुसऱ्याच्या वेदनेखेरीज तिथे दुसरे काहीही घडत नसते. तुम्हाला असह्य होते ती ही असहायता. म्हणजे तुमचे मन सरसकट घाबरत नाही. ते निवड करते, आणि माझ्या मते ती निवड अगदी योग्य जागी होते.

म्हणून दुबळेपणाचा प्रश्न मी इथेच बाजूला ठेवते. एखादे दृश्य न पाहणे आणि प्रत्यक्ष आयुष्यातल्या दुःखाला सामोरे जाता न येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या बाईने वडिलांच्या आजारपणात अतिदक्षता विभागाबाहेर रात्री काढल्या, तिला मन घट्ट करायला कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही.

आता मुलीच्या वाक्याकडे वळू या, कारण ते सरळ आणि प्रामाणिक आहे, तरीही तुमच्या उपयोगी पडत नाही. पडद्यावरचे रक्त खोटे असते हे तुम्हालाही ठाऊक आहे. छातीत होणारी धडधड त्या ज्ञानाची वाट पाहत नाही, इतकेच. अमेरिकेत 1960 च्या दशकात रिचर्ड लाझारस या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यावर एक लक्षणीय प्रयोग केला होता. एका आदिवासी समाजातील किशोरवयीन मुलांवर होणाऱ्या वेदनादायक विधीचे मूळचे मूक चित्रण त्यांनी वेगवेगळ्या प्रेक्षकगटांना दाखवले; मात्र प्रत्येक गटासाठी निवेदन वेगळे ठेवले. एका निवेदनात वेदनेवर भर होता, दुसऱ्यात मुलांना फारसा त्रास होत नाही असे सांगितले होते आणि तिसरे एखाद्या अभ्यासकाने अलिप्तपणे वर्णन करावे तसे होते. त्वचेतील विद्युतवहनावरून शरीराचा ताण मोजला, तेव्हा ज्यांनी वेदना नाकारणारे किंवा अलिप्त निवेदन ऐकले त्यांच्यावरचा ताण कमी आढळला. चित्रण तेच होते. त्याचा अर्थ कसा लावला गेला, त्यावरून शरीराचा प्रतिसाद बदलला.

तुमची मुलगी ‘खोटं असतं’ म्हणते तेव्हा ती स्वतःसाठी असेच एक अलिप्त निवेदन करत असते. तिला रंगभूषा, कॅमेऱ्याची जागा, कथेतले पुढचे वळण दिसते. तुम्हाला तो माणूस दिसतो. एकाच सोफ्यावर बसून तुम्ही दोघी दोन निरनिराळी दृश्ये पाहत असता. त्यामुळे तिच्या शांतपणे जेवण्यावरून ती निर्दय झाली आहे असा निष्कर्ष काढू नका. तिचे मन जोखायचेच असेल तर घरातल्या आजारी माणसाशी, वर्गातल्या एकट्या पडलेल्या मुलीशी, रस्त्यावरच्या कुत्र्याशी ती कशी वागते ते पाहा. तुमच्या पत्रात याविषयी एक अक्षरही नाही. त्यावरून मी असे समजते की तिथे तक्रार करण्यासारखे काही घडलेले नाही.

याचा अर्थ तुमची धास्ती अगदीच निराधार आहे असा मात्र नाही. वारंवार पाहिल्याने माणसाचा प्रतिसाद बोथट होतो, हे संशोधनात दिसून आलेले आहे. आपल्याकडच्या नियमांनाही ही शंका ठाऊक आहे: चित्रपट प्रमाणनासाठी केंद्र सरकारने 1991 मध्ये घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, निरर्थक किंवा टाळता येण्याजोगी हिंसा आणि क्रूरता, मुख्यतः करमणुकीसाठी रचलेली हिंसा आणि माणसांची संवेदना बोथट करू शकणारी दृश्ये दाखवली जाऊ नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे. पण तुमच्या जेवणाच्या वेळी जे लागते ते बहुधा या चाळणीतून आलेलेच नसते. वेब मालिकांना प्रमाणन मंडळाकडून पूर्वपरवानगी घ्यावी लागत नाही. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार त्या दाखवणारे ऑनलाइन मंचच त्यांचे वयोगटानुसार वर्गीकरण करतात आणि हिंसा, भय, अश्लील भाषा यांपैकी काय आहे ते आरंभी लिहितात. कोपऱ्यात क्षणभर दिसणारी ती ओळ बहुतेक घरांत कोणी वाचत नाही. ती वाचायची सवय लावा. ‘ए’ वर्गातला आशय 18 वर्षांवरील प्रेक्षकांसाठी असतो आणि तुमची मुलगी 17 वर्षांची आहे, हेही पतींच्या कानावर घालायला हरकत नाही. मंचांवर पालकांसाठी कुलपाची सोय असते. परंतु या वयाच्या मुलीला कुलूप लावून फारसे काही साधेल असे मला वाटत नाही. तिच्याशी बोलणे हाच मार्ग उरतो.

काय बोलावे? ‘तुला काहीच कसे वाटत नाही?’ हा प्रश्न टाळा, कारण त्यात आरोप आहे आणि आरोप ऐकला की कोणतीही मुलगी दार लावून घेते. त्याऐवजी दृश्य संपल्यावर, तिचीही तयारी असेल तेव्हा, त्या दृश्याविषयी विचारा: कॅमेरा कोणाच्या बाजूला उभा होता? मारणाऱ्याच्या खांद्यावरून आपण खाली पाहत होतो, की मार खाणाऱ्याच्या जागेवरून वर? तो माणूस नंतर कथेत पुन्हा दिसला का, त्याच्या घरच्यांचे काय झाले हे कोणी दाखवले का, की पुढच्या दृश्याला चालना देऊन तो कायमचा नाहीसा झाला? जे कळायचे ते कळून गेल्यावरही दृश्य आणखी किती वेळ चालले? माझे स्पष्ट मत असे आहे की पुष्कळशा मालिकांत छळ केवळ लांबी भरून काढण्यासाठी आणि खलनायकाचा दरारा वाढवण्यासाठी वापरला जातो. बळी पडणाऱ्याला नाव नसते, भूतकाळ नसतो, त्याला फक्त आवाज असतो. तुमच्या मुलीला हे एकदा दिसू लागले की ती पाहणे थांबवेल असे नाही, पण ती डोळसपणे पाहू लागेल, आणि तुमचे उठून जाणेही तिला कदाचित वेगळ्या नजरेने दिसेल.

प्रेक्षकाला काय प्रत्यक्ष दाखवावे आणि काय दाखवू नये, हा प्रश्न आपल्या परंपरेत फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स हे दोन्ही रस मानाने मोजलेले आहेत. म्हणजे भय आणि किळस यांना कलेत स्थान नाही असे भरत म्हणत नाही. तरीही युद्ध, राज्यनाश, मृत्यू आणि नगराला पडलेला वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकातून, म्हणजे दोन अंकांमधल्या छोट्या दृश्यातील पात्रांच्या बोलण्यातून, कळवाव्यात असे त्याच ग्रंथात सांगितले आहे. प्रत्येक नाटककाराने हे पाळले असे नव्हे. परंतु स्वयंपाकघरात उभे राहून ‘संपलं का? पुढे काय झालं?’ असे विचारणारी प्रेक्षक काही विपरीत मागत नाही, एवढे त्यावरून नक्की म्हणता येईल. मृत्यूची वार्ता कळावी, पण तो डोळ्यांनी पाहावा लागू नये, ही सोय शास्त्रकारांनी स्वतः करून ठेवली होती.

याच परंपरेत, नाट्यशास्त्रावर भाष्य लिहिणाऱ्या अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या आड येणाऱ्या विघ्नांची चर्चा केली आहे. प्रेक्षक स्वतःच्या खासगी सुखदुःखाने व्यापलेला असेल तर समोरच्या दुःखाचा आस्वाद त्याला घेता येत नाही, हे त्यांतले एक विघ्न. हे वाचताना मला तुमच्या पत्रातील तो अखेरचा उल्लेख आठवला. तो तुम्ही एका वाक्यात उरकला आहे, आणि तरीही माझ्या दृष्टीने पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

अतिदक्षता विभागातील अनेक रुग्णांना काही काळ भ्रम होतो. आपण कुठे आहोत हे त्यांना कळत नाही, ते नळ्या उपसून काढू पाहतात आणि त्यांना इजा होऊ नये म्हणून कधी कधी हात बांधावे लागतात. तिथे कोणाचाही हेतू छळाचा नसतो आणि तुम्हालाही हे बुद्धीने पटलेले असणार. परंतु वडिलांचे बांधलेले हात लेकीने पाहिले, ते ‘सोडा मला’ म्हणाले असतील, आणि तिला ते सोडता आले नाहीत. हे चित्र मनात कुठेतरी तसेच राहिले असेल, तर खुर्चीला बांधलेला म्हातारा पडद्यावर दिसताच तुम्ही ती मालिका पाहत राहू शकणार नाही, यात नवल ते काय? हा संबंध आहेच असे मी इतक्या दुरून ठामपणे सांगू शकत नाही. म्हणून तुम्हालाच विचारते: ही दृश्ये तुम्हाला आधीपासून असह्य होती, की गेल्या तीन वर्षांत झाली? तेव्हापासून त्या दिवसांविषयी तुम्ही कोणाशी मोकळेपणाने बोलला आहात का? पतींशी? भावंडांशी? उत्तर ‘नाही’ असेल तर मालिकांचा प्रश्न सोडवण्याआधी ते बोलणे व्हायला हवे. तुमचे पती ‘मन घट्ट कर’ म्हणतात त्यामागे बहुधा त्यांना हे ठाऊक नसणे असेल; त्यांना निष्ठुर ठरवण्याची घाई मी करणार नाही. एकदा, टीव्ही बंद असताना, त्यांना सांगून पाहा की तो म्हातारा दिसला की मला बाबांचे हात दिसतात.

सवय करून घ्यावी का, हा तुमचा दुसरा प्रश्न. भीती घालवण्यासाठी त्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरे जाण्याची पद्धत मानसोपचारात आहे आणि ती परिणामकारकही आहे. मात्र जी भीती जगण्याच्या आड येते तिच्यासाठी, आणि जाणकाराच्या देखरेखीखाली. परिचारिका होऊ इच्छिणाऱ्या मुलीला रक्त पाहून भोवळ येत असेल तर तिने हा मार्ग जरूर धरावा. तुमच्या आयुष्यात मात्र छळाची दृश्ये पाहता न आल्याने नेमके काय अडते? कुटुंबाबरोबरची ती तासभराची बैठक हुकते, एवढेच. आणि ती दुसऱ्या रीतीनेही मिळवता येईल. निव्वळ मालिका पाहता यावी म्हणून स्वतःला सोफ्यावर खिळवून ठेवणे, आणि तेही एक जुने दुःख मनात असताना, मला मुळीच शहाणपणाचे वाटत नाही.

याउलट, तुम्ही अर्ध्यावर सोडलेल्या चित्रपटाचा विचार मी अधिक गंभीरपणे करते, कारण तिथली तुमची टोचणी पोकळ नाही. जातीय अत्याचार आपल्या राज्यात घडले आहेत आणि घडतात. 2006 मधले भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी कोणाला विसरता येणार नाही. असा चित्रपट पाहणाऱ्याने अस्वस्थ व्हावे यासाठीच तो काढलेला असतो, आणि ज्यांच्या वाट्याला ते प्रत्यक्ष येते त्यांना उठून स्वयंपाकघरात जाण्याची मुभा नसते. म्हणून ‘मला पाहवत नाही’ एवढ्यावर विषयच मिटवून टाकणे योग्य होणार नाही. पण सत्याला सामोरे जाण्याचा मार्ग त्या एका दृश्यातूनच जातो, हे गृहीतक तपासून पाहा. दलित आत्मकथने आपल्या भाषेत विपुल आहेत. वाचताना गती आपल्या हाती असते, थांबता येते, पुन्हा त्या पानाकडे परतता येते. अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 चा आहे. तो काय म्हणतो आणि प्रत्यक्षात खटल्यांचे काय होते, हे समजून घेता येते. तुम्ही शिक्षिका आहात. तुमच्या वर्गात कोणाला कोणाशेजारी बसायला नको असते, डबा कोण कोणाबरोबर खातो, याकडे पाहणे तुमच्या हाती आहे, आणि त्याला मी पूर्ण चित्रपट पाहण्याहून मोठे काम समजते. तो चित्रपट पुन्हा पाहावासा वाटला तर दिवसा, घरी, कोणाच्या तरी सोबतीने पाहा आणि ते एक दृश्य वगळा. उरलेला चित्रपट तुमच्यासाठी तेवढ्याने खोटा ठरणार नाही.

ज्यांना अशीच अडचण येते त्या इतर वाचकांसाठीही काही व्यावहारिक गोष्टी सांगते. डोळे मिटण्यापेक्षा आवाज बंद करणे पुष्कळदा अधिक उपयोगी पडते, कारण भीतीचा मोठा भार ध्वनीवर असतो. हाड मोडल्याचा आवाज ध्वनिमुद्रणाच्या खोलीत अनेकदा सेलरी या भाजीच्या दांड्या मोडून काढलेला असतो आणि डोळे मिटले तरी तो कानांत शिरतोच. कथेत पुढे काय आहे हे आधी जाणून घेण्यात कमीपणा मानू नका. ‘डझ द डॉग डाय’ नावाच्या संकेतस्थळावर चित्रपट-मालिकांत प्राण्याला मारणे, छळ, मुलांवरचा अत्याचार असे काय काय आहे ते प्रेक्षकच नोंदवतात. मराठी आशय तिथे फारसा सापडणार नाही, पण इतर भाषांतल्या गाजलेल्या गोष्टींसाठी त्याचा उपयोग होतो. झोपण्यापूर्वीचा तास अशा आशयापासून मोकळा ठेवा. दृश्य पाहिले गेलेच, तर त्यानंतर लगेच डोळे आणि हात दोन्ही गुंततील असे काहीतरी करा: ऑक्सफर्डमध्ये एमिली होम्स आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, क्लेशकारक चित्रफीत पाहिल्यानंतर अर्ध्या तासाने टेट्रिस हा ठोकळ्यांचा खेळ खेळलेल्यांना पुढच्या आठवड्यात ती दृश्ये आपोआप आठवण्याचे प्रसंग कमी आले. विणकाम किंवा रांगोळीची नक्षी यांवर असा प्रयोग झाल्याचे माझ्या वाचनात नाही. तरी करून पाहण्यात तोटा काहीच नाही.

रक्त पाहून ज्यांना खरोखरच भोवळ येते त्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचा रक्तदाब आधी थोडा वाढून मग झपाट्याने उतरतो, म्हणून अंग सैल सोडून दीर्घ श्वास घेण्याचा नेहमीचा सल्ला त्यांच्या कामाचा नाही. हात, पाय आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद, चेहरा गरम वाटेपर्यंत, घट्ट आवळावेत, मग अर्धा मिनिट थांबून पुन्हा आवळावेत. असे चार-पाच वेळा केल्याने रक्तदाब टिकून राहण्यास मदत होते. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा गर्भारपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती सर्वांनाच लागू आहे. अपघाताच्या आणि मारहाणीच्या खऱ्या चित्रफिती मोबाइलवर न मागता येऊन पडतात. तिथे मुलीचे ‘खोटं असतं’ हे वाक्यही उरत नाही. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये छायाचित्रे आणि व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणे बंद करता येते, ते आजच करा. आणि असा व्हिडिओ आला तर तो पाहणे व पुढे पाठवणे दोन्ही टाळा, कारण त्यातला माणूस कोणाचा तरी नातेवाईक आहे आणि त्याची संमती कोणी घेतलेली नाही. या नियमावर घरातल्या तिघांचेही एकमत सहज होईल.

राहिली रात्रीच्या जेवणाची गोष्ट. तुम्ही दर वेळी उठून जाता आणि परत आल्यावर कोणीतरी काहीतरी म्हणते, ही रीत मोडायला हवी. आठवड्यातले काही दिवस तिघांनाही चालेल असे काही लावायचे आणि उरलेल्या दिवशी ते दोघे त्यांची मालिका पाहतील, तुम्ही तुमचे काही कराल, असे सरळ ठरवून टाका. जेवताना टीव्हीच नको, असेही तुम्ही म्हणू शकता. पण पत्रावरून मला वाटते की ती बैठक तुम्हालाही हवी आहे.

आणि ती चित्रे दोन-तीन रात्रींपुरती न राहता आठवडेच्या आठवडे येत राहिली, झोप उडाली, रुग्णालयाच्या रस्त्याने जाणेही टाळावेसे वाटू लागले, किंवा वडिलांच्या त्या दिवसांविषयी बोलायला घेतले की शब्दच फुटेनासा झाला, तर मानसोपचारतज्ज्ञाची भेट घ्या. लगेच जाणे जमत नसेल तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर निःशुल्क बोलता येते. तिथे मराठीतही संवाद साधता येतो. फोन केल्यावर सुरुवात मालिकांपासून न करता वडिलांपासून करा.